पाणी दिलेली सुरी

आपल्या भाषेत 'पाणी' या शब्दाकडून जितकी कामे करून घेतली गेली आहेत तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दाकडून घेतली गेली असतील. मोत्याला पाणी असते, डोळ्यांना पाणी असते, माणसाचे पाणी जोखता येते आणि प्रसंगी प्रतिपक्षाला पाणी पाजताही येते. नांगराचा फाळ शेवटून देणारा खेड्यातला लोहारही शेवटी त्याला 'पाणी देतो'. लाल झालेले लोखंड डोणीत बुडविताना जो चर्र आवाज होतो तो ज्याने लहानपणी ऐकला आहे त्याला या वाक्प्रचाराचा अर्थ शब्दकोशात पाहावा लागत नाही. ही कल्पनाही आजकालची नव्हे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत खड्गलक्षणांचा जो अध्याय लिहिला आहे त्यात 'शस्त्रपाना'च्या कृती दिल्या आहेत. शस्त्राला काय पाजावे, याचा तो विचार. त्यातल्या काही कृती आज वाचताना अंगावर काटा येतो. पण तापलेल्या पात्याला अखेरची तहान असते आणि ती कशी भागविली यावर त्याचे शील ठरते, हे निरीक्षण मात्र अगदी पक्के आहे.

जपानी भाषेत या क्रियेला 'याकी-इरे' म्हणतात. 'याकी' म्हणजे भाजणे अथवा तावणे, 'इरे' म्हणजे आत घालणे. आम्ही भाषेचे विद्यार्थी असल्यामुळे लोहाराच्या भट्टीतून त्या भाषेत उडालेल्या ठिणग्या आम्हांला फार मोलाच्या वाटतात. उनाड पोराला वठणीवर आणणे याला तेथे 'याकी ओ इरेरु', म्हणजे त्याला पाणी देणे, असे म्हणतात. 'त्सुकेयाकिबा' म्हणजे वरून डकविलेली धार. परीक्षेच्या आदल्या रात्री केलेल्या घोकंपट्टीला हा शब्द लावतात. मुख्य कारागीर आणि त्याचा साथीदार ऐरणीवर आळीपाळीने घण घालतात त्यावरून, समोरचा बोलत असता मधूनमधून 'हं, हं' म्हणत राहणे, याला 'आइझुची' हे नाव पडले. आणि भट्टीचा ताव प्रमाणाबाहेर गेला की पाते निकामी होते, त्यावरून वयोमानाने बुद्धीची धार गेलेल्या माणसाविषयी 'याकी गा मावारु' असा प्रयोग होतो. हा शेवटचा शब्द सेवानिवृत्ती जवळ आलेल्या मुख्याध्यापकासमोर कोणी उच्चारू नये, एवढीच विनंती.

या विषयाकडे आम्ही वळलो त्याला निमित्त झाले एका वाचक भगिनींचे पत्र. त्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त ओसाकाला असतात. सुटीवर येताना त्यांनी आईसाठी तिकडची हाताने घडविलेली एक सुरी आणली. किंमत ऐकून यजमानांनी कपाळाला हात लावला. चार दिवस ती सुरी कांदा, टोमॅटो, कोथिंबीर यांतून अशी काही फिरली की घरातल्या सर्वांनी तिची आरती ओवाळायचे तेवढे बाकी ठेवले. पाचव्या दिवशी लाल भोपळा चिरताना पाते रुतले, म्हणून बाईंनी ते जरा पिळले आणि धारेचा बारीक टवका उडाला. "आमच्या सासूबाईंची विळी चाळीस वर्षे असले भोपळे कापते आहे, तिला कधी काही झाले नाही. मग ही सुरी कच्ची म्हणावी की आमचा मुलगा फसला म्हणावे?" असा त्यांचा रोखठोक प्रश्न आहे.

आमचे उत्तर असे की, मुलगा फसलेला नाही आणि सुरीही कच्ची नाही. उलट ती फार पक्की आहे, आणि तिचा टवका उडाला तो त्या पक्केपणामुळेच. हे नीट समजण्यासाठी ओसाकाच्या दक्षिणेला लागून असलेल्या साकाई या गावच्या लोहारशाळेत डोकावावे लागेल.

साकाईचा लोखंडाशी संबंध फार जुना. पाचव्या शतकात राजेरजवाड्यांचे जे प्रचंड मातीचे समाधिस्तूप तेथे उभारले गेले, त्यांच्या खोदकामाच्या हत्यारांपासून या गावच्या लोहारकामाची परंपरा सांगितली जाते. सोळाव्या शतकात गोवा, मलाक्का, मकाव अशा मुक्कामांनी पोर्तुगीजांची गलबते जपानला जाऊ लागली. १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांबरोबर बंदूक आली आणि पाहता पाहता साकाई हे बंदुका घडविण्याचे मोठे केंद्र झाले. त्याच पाश्चात्त्य व्यापाऱ्यांच्या मागोमाग तंबाखू आली. ती पाने केसासारखी बारीक कातरण्यासाठी लागणाऱ्या सुऱ्या साकाईत इतक्या उत्तम होऊ लागल्या की तोकुगावा राजवटीने त्यांच्यावर 'साकाई किवामे' असा खास शिक्का मारण्याची मुभा दिली. पुढे १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली, तेव्हा देशभरचे अनेक तलवारकार शेतीच्या अवजारांकडे आणि स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांकडे वळले. सेकी, सांजो, एचिझेन, तोसा ही या धंद्याची दुसरी नावाजलेली ठाणी. साकाईचे वैशिष्ट्य असे की तेथे एकाच सुरीवर तीन हात फिरतात. लोहार पाते घडवून त्याला पाणी देतो, धारकरी सहाणेवर धार काढतो आणि मूठ बसविणारा तिसराच असतो. प्रत्येकाचे घर निराळे, आणि प्रत्येकाचे आयुष्य त्या एकाच कामात गेलेले.

पारंपरिक जपानी सुरीचे पाते एका धातूचे नसते. मऊ लोखंडाच्या पट्टीवर कठीण पोलादाची पातळ पट्टी जोडलेली असते. कापायचे काम पोलाद करते आणि त्याला सांभाळण्याचे काम लोखंड. एके काळी पोलाद महाग होते म्हणून ही काटकसर सुरू झाली असेल. पण तिचे फायदे पुढे निराळेच दिसून आले. सहाणेवर घासायचा भाग बहुतांशी मऊ असल्याने धार लावणे सोपे जाते, आणि पाणी देताना पाते वाकलेच तर मऊ पाठीवर हलके ठोके देऊन ते सरळ करता येते. हे पोलाद मुख्यतः शिमाने प्रांतातल्या यासुगी गावी तयार होते. पांढरा कागद, निळा कागद अशी त्याच्या जातींची नावे ऐकून प्रथम हसू येते. पट्ट्यांवर ज्या रंगाचा कागद चिकटवीत, तेच त्या जातीचे नाव झाले. ते बनविणारी हिताची मेटल्स ही कंपनी २०२३ पासून प्रोटेरियल या नावाने ओळखली जाते; कागदांचे रंग मात्र तेच आहेत. पांढरे पोलाद म्हणजे जवळजवळ निव्वळ लोखंड आणि कार्बन. त्याच्या २ क्रमांकाच्या जातीत कार्बन शेकडा १.०५ ते १.१५ असतो. निळ्यात थोडे क्रोमियम आणि टंगस्टन घालतात, त्यामुळे धार अधिक टिकते आणि पाणी देताना लोहाराला किंचित सवड मिळते. पांढऱ्याला धार जितकी सुरेख येते तितकेच ते भट्टीपाशी हट्टी असते.

आता प्रत्यक्ष काम पाहू. लोखंडाची पट्टी लाल करून तिच्यावर टाकणखार आणि लोखंडाचा कीस यांची पूड पसरतात, तिच्यावर पोलादाचा तुकडा ठेवतात आणि पुन्हा भट्टीत सारतात. टाकणखार वितळून गंजाचा थर धुऊन काढतो. सोनाराच्या दुकानात डाग लावताना पाहिलेली गोष्टच ही, फक्त मोठ्या प्रमाणावर. मग घणाखाली दोन्ही धातू एकजीव होतात. या जोडासाठी सुमारे ९०० ते १००० अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि येथेच पहिला धोका आहे. ताव कमी पडला तर जोड कच्चा राहतो; फार झाला तर पृष्ठभागावरचा कार्बन जळून जातो आणि आतले कण फुगतात. पोलाद हे साखरेसारखे कणांचे बनलेले असते. कण बारीक असतील तर धार चिवट राहते, मोठे असतील तर ती ठिसूळ होते. तावाची चूक त्या क्षणी दिसत नाही. सुरी चकचकीत होऊन, मूठ बसून, गिऱ्हाइकाच्या घरी जाते आणि तेथे ती चूक बोलते.

घणाविषयी एक गोड गैरसमज सर्वत्र रूढ आहे. ठोकून ठोकून पोलाद 'घट्ट' होते, त्याचे अणू दाबले जातात, म्हणून हातघडणीची सुरी श्रेष्ठ, असे विक्रेते सांगतात आणि आपण माना डोलावतो. धातुशास्त्र याला दुजोरा देत नाही. घणाने पोलादाची घनता वाढत नाही. पूर्वी भट्टीतून निघणाऱ्या पोलादात मळी आणि पोकळ्या असत, त्या काढण्यासाठी घडी घालून ठोकणे अत्यावश्यक होते. आजचे यासुगीचे पोलाद मुळातच शुद्ध असते. मग घण करतो काय? तो आकार देतो. पात्याची जाडी मुठीपासून टोकाकडे ओघवती कमी करीत नेतो. आणि जाणता लोहार शेवटच्या फेऱ्यांत ताव क्रमाने उतरवीत नेतो, तेव्हा त्या तापण्या-निवण्याच्या आवर्तनांत मोठे झालेले कण मोडून पुन्हा बारीक होतात. श्रेय आहे ते मुख्यतः त्या आवर्तनांना. घण हा त्यांचा निमित्तमात्र सोबती. याउलट अजाण हात तेच पाते वारंवार जास्त तापवून, कारखान्यातून आलेल्या चांगल्या पोलादाची नासाडीही करू शकतो. नुसती 'हातघडण' ही गुणवत्तेची हमी नव्हे, हे आम्ही अगदी स्पष्टपणे सांगू इच्छितो. खरे म्हणजे आज साकाईतही बहुतेक लोहारांपाशी विजेवर चालणारा यांत्रिक घण असतो, आणि त्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही.

घडण झाली की पाते गवताच्या राखेत पुरून सावकाश निवू देतात. राख उष्णता धरून ठेवते, म्हणून निवायला फार वेळ लागतो, आणि तेवढ्या अवधीत ठोकाठोकीचा आतला ताण ओसरून पोलाद मऊ होते. मग ते थंडच ठोकून सपाट करतात, कडा कापतात, घासतात. हे सारे मऊपणीच करावे लागते, कारण पुढच्या क्रियेनंतर त्याला कानस लागत नाही.

ती पुढची क्रिया म्हणजे पाणी देणे.

पात्याला प्रथम चिकणमातीचा पातळ लेप देऊन वाळवितात. सामान्य समजूत अशी की मातीमुळे पाते हळू निवत असेल. पातळ लेपाच्या बाबतीत घडते ते उलट. उघडे तापलेले पाते पाण्यात बुडविले की त्याभोवती वाफेचा पडदा तयार होतो आणि पाणी पात्याला भिडतच नाही. मातीच्या खरबरीत थराने तो पडदा फुटतो आणि पाते सर्वत्र सारखे, झपाट्याने निवते. मग पाते कोळशात तावतात. अनेक लोहार या कामासाठी पाइनचा हलका कोळसा पसंत करतात, आणि दिवे मालवून काम करतात. अंधार हवा तो गूढतेसाठी नव्हे. तापलेल्या पोलादाचा रंग उजेडात फसवतो म्हणून. पांढऱ्या पोलादाला सुमारे ७६० ते ८०० अंशांचा ताव लागतो. हे अंतर किती थोडे आहे पाहा! खाली राहिले तर पोलाद पुरते कठीण होत नाही; वर गेले तर कण वाढतात, आणि पाण्यात पडताच पाते तडकण्याची भीती. रंगाच्या एका छटेवर सारे अवलंबून. शिवाय टोक पातळ आणि बूड जाड, म्हणून टोक आधी तापते. पाते भट्टीत मागेपुढे सारीत सर्व लांबीवर एकच रंग आणावा लागतो. आज पुष्कळांच्या भट्ट्या गॅसच्या आहेत आणि तापमापकही आहेत. तरी या घटकेला कोणाचेही डोळे पात्यावरून हलत नाहीत.

त्या एका क्षणात आत काय होते? पोलाद त्या तावावर असताना कार्बनचे अणू लोखंडाच्या अणूंच्या रचनेत साखरेसारखे विरघळून गेलेले असतात. सावकाश निवू दिले तर ते बाहेर पडून आपापली जागा घेतात आणि पोलाद मऊ होते. पण एकदम पाण्यात टाकले की त्यांना बाहेर पडायला अवधीच मिळत नाही. ते जेथल्या तेथे अडकतात, लोखंडाची रचना ताणली जाते, आणि जो अत्यंत कठीण पदार्थ बनतो त्याला जर्मन धातुशास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात. वर्गाची घंटा होताच दार लावून घ्यावे आणि मुले आतच अडकावीत, तसा हा प्रकार, दंगा व्हायचाच! ही रचना किंचित अधिक जागा व्यापते, म्हणून पाते ओढले जाते, वाकते, आणि कधीकधी 'टिंग' असा बारीक आवाज होऊन फुटते. त्या आवाजानंतर दुरुस्ती नसते.

संपूर्ण एकाच पोलादाचे, मऊ लोखंडाचा आधार नसलेले असेही एक पाते असते. त्याला 'होन्याकी' म्हणतात. त्यात पाठीवर मातीचा जाड थर आणि धारेवर पातळ थर देतात, म्हणजे धार कठीण होते आणि पाठ त्या मानाने मऊ राहते. दोहोंच्या सीमेवर तलवारीवर दिसते तशी लाटांची रेषा उमटते. ही पाती पाण्यात फार फुटतात आणि वाकलेली सहजी सरळ होत नाहीत. तिच्या किमतीत न टिकलेल्या भावंडांचा खर्चही मिळविलेला असतो. घरगुती स्वयंपाकाला तिची गरज आहे असे आम्हांला मुळीच वाटत नाही.

पाण्यातून निघालेले पाते काचेसारखे कडक आणि तितकेच ठिसूळ असते. म्हणून ते पुन्हा हलके तावून थोडा कडकपणा उतरवितात. आपल्याकडील शास्त्रीय ग्रंथांत 'पायन' म्हणतात ते हेच. दीडशे ते दोनशे अंशांच्या आसपासचे हे काम. जुने लोहार पात्यावर पाण्याचे थेंब शिंपडतात आणि ते कसे नाचतात यावरून ताव ओळखतात. तव्यावर पाण्याचा हबका मारून घावन टाकण्याची वेळ ओळखणाऱ्या गृहिणींना हे शास्त्र नव्याने सांगायला नको. येथे किती उतरवायचे, हा लोहाराच्या स्वभावाचा प्रश्न असतो. रॉकवेल मापाने युरोपी सुरी साधारण ५५ ते ५८ वर ठेवतात. जपानी सुरी ६० ते ६४ वर. अंक जवळचे दिसतात, पण गुणांत फार अंतर आहे. इतकी कठीण धार फार पातळ काढता येते. कच्च्या माशाचे काप करताना पेशी न चिरडता कापल्या गेल्या तरच त्यांची चव आणि झळाळी राहते, असे मानणाऱ्या पाकपद्धतीला ती हवीच होती. मात्र मोबदल्यात धारेने लवचीकपणा दिलेला असतो. युरोपी धार दडपणाखाली वळते. जपानी धार वळत नाही, तुटते.

तावाच्या या नाजूकपणाचा अनुभव आपल्या दख्खनच्या पोलादानेही जगाला दिला आहे. निजामाबाद जिल्ह्यातील कोनासमुद्रम येथे मुशीत तयार होणारे पोलाद इराणपर्यंत जात असे, हे हैदराबादकर वाचकांना ठाऊक असेल. युरोपी लोहारांनी त्यावर हात चालवून पाहिला तेव्हा ते घणाखाली चुरा होऊन पडू लागले, कारण आपल्या नेहमीच्या मऊ लोखंडाच्या सवयीने ते त्याला भरमसाट तावीत. मायकेल फॅरेडे यांनी १८१९ ते १८२२ या वर्षांत त्याचे रहस्य शोधण्यासाठी प्रयोग केले. इतका कार्बन असलेले पोलाद मंद तावावरच घडते, हे येथल्या लोहारांच्या अंगवळणी पडलेले होते.

आता भगिनींचा भोपळा. विळीचे पाते जाड आणि मऊ. ते पिळले तर वाकते, क्वचित धार मुडपते, आणि निसण्यावर दोन हात मारले की पुन्हा कामाला लागते. भोपळा, सुरण, कच्चा फणस यांच्याशी झुंजण्याला ती अगदी योग्य आहे, आणि सासूबाईंची विळी माळ्यावर टाकण्याचा विचार कोणी करू नये. जपानी सुरीने वरून सरळ, पुढे किंवा मागे ओढीत कापावे. पिळू नये, हाडावर, नारळावर, बर्फात गोठलेल्या पदार्थावर चालवू नये. लिंबू, कैरी, चिंच यांनी तिच्यावर काळसर छटा येईल. ती येऊ द्यावी, पण कापून होताच पुसून कोरडी करावी, कारण ही गंजणारी जात आहे. ओली सुरी रात्रभर मोरीत पडली तर सकाळी तांबूस डाग दिसणारच.

टवक्याविषयी घाबरून जाऊ नये. मात्र सायकलवर चाक फिरवीत ठिणग्या उडविणाऱ्या धारवाल्याकडे ही सुरी कृपा करून देऊ नये. तो माणूस प्रामाणिक असतो आणि विळीसाठी उत्तम. पण कोरड्या चाकावर पातळ धार क्षणात दोनशे अंशांच्या पलीकडे जाते. धारेवर पिवळी, मग निळी झाक दिसली म्हणजे समजावे की लोहाराने राखलेले पाणी तेथे उतरले. तेवढा भाग मऊ झाला, आणि तो सगळा घासून काढल्याखेरीज पुन्हा धार टिकणार नाही. चिरंजीवांना पुढच्या खेपेस दोन सपाट सहाणा आणायला सांगावे, एक जाडी आणि एक १००० क्रमांकाची. त्या पाण्यात भिजवून, पाते त्याच्या मूळ उताराला धरून, घाई न करता घासावे. बारीक टवका जाड्या सहाणेवर एका दुपारी निघून जातो. तोवर भोपळा विळीवरच चिरावा.